घंटा वाजल्यानंतर

२० मे २०१९ चा सोमवार माझ्या चांगला लक्षात आहे. आदल्याच दिवशी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा संपला होता आणि तरावीहून परतल्यावर घरात उशिरापर्यंत एक्झिट पोलचीच चर्चा चालली होती. रमजानचा चौदावा रोजा. सेहरी झाली, फजरची नमाज झाली. एरवी नमाजनंतर पुन्हा चादर ओढून घेणारी माझी भाचरे त्या दिवशी मात्र जागीच राहिली. उन्हाळ्याची सुट्टी असल्याने बहिणीची दोन्ही मुले आमच्याकडे आली होती. भाचा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, भाची बी.ए.ला. साडेसहा वाजता भाच्याने पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग हॉटस्टारवर अमेरिकेच्या बरोबरीनेच दिसणार होता. तिकडे रविवारची रात्र, इकडे सोमवारची सकाळ.

ही मालिका घरातल्या सगळ्यांनी मांडीला मांडी लावून पाहण्याजोगी नाही, हे आधीच सांगतो. रमजानमध्ये तर नाहीच, असे अम्मीचे मत होते. "आखरी भाग में वैसा कुछ नहीं है नानी," एवढी ग्वाही भाच्याने दिली आणि ती खरी निघाली.

सुमारे ऐंशी मिनिटांनी मोबाइल काळा झाला. भाचा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामू, आठ साल से इसके वास्ते बैठे थे क्या?"

भाची म्हणाली, "मेरेको तो बराबर लगा."

त्यानंतर इफ्तारपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. जगभरच्या लाखो घरांत त्या आठवड्यात हेच भांडण चालले होते, हे मला नंतर कळले. मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो, आणि इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचा तासही माझ्याच माथी येतो. त्या भांडणात मला हळूहळू इतिहासाचा तास दिसू लागला, म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाने १९९६ पासून कादंबऱ्यांची एक माळ लिहायला घेतली. वेस्टरॉस नावाचे काल्पनिक खंड, त्यात सात राज्ये, आणि शत्रूंच्या तलवारी वितळवून घडवलेल्या एका लोखंडी सिंहासनासाठी चाललेला झगडा. एचबीओने २०११ मध्ये त्यावर मालिका सुरू केली. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे तिचे कर्तेधर्ते. पदच्युत राजघराण्याची मुलगी डेनेरिस परदेशात निराधार वाढते, तीन ड्रॅगन पाळते, गुलामांची शहरेच्या शहरे मुक्त करते आणि वडिलांचे सिंहासन परत घ्यायला समुद्र ओलांडून येते. शेवटच्या पर्वात राजधानी तिच्यापुढे शरण येते. शरणागतीच्या घंटा वाजतात. आणि घंटा वाजल्यानंतर, लढाई जिंकल्यानंतर, ती ड्रॅगनवर बसून सगळे शहर जाळते. बायका, मुले, सगळे. पुढच्या म्हणजे शेवटच्या भागात तिचाच प्रियकर जॉन तिला मारतो, ड्रॅगन सिंहासन वितळवून टाकतो आणि उरलेले सरदार ब्रॅन नावाच्या अपंग, अबोल मुलाला राजा निवडतात.

लोक खवळले. शेवटचे पर्व नव्या लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या, अशी ऑनलाइन याचिका निघाली. तिच्यावरच्या सह्या पुढे १८ लाखांच्या वर गेल्या. दुसरीकडे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मालिकेला सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. म्हणजे आमच्या घरात जे दोन पक्ष होते, तेच बाहेरही होते.

याचिकेची बातमी वाचून पुष्कळांनी नाके मुरडली. आजकालच्या पोरांना सगळे मनासारखे हवे असते, वगैरे. पण हा हट्ट आजचा नाही. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा शेवट इतका काळीज चिरणारा आहे की १६८१ मध्ये नेहम टेट या गृहस्थाने तो बदलून टाकला. म्हातारा राजा जगतो, त्याच्या गुणी मुलीचे लग्न लागते. आणि सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडचे प्रेक्षक हाच गोड 'लिअर' पाहत राहिले. १८९३ मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले तेव्हा 'स्ट्रँड' मासिकाचे वीस हजारांवर वर्गणीदार सुटले असे सांगतात. दहा वर्षांनी होम्सला परत यावे लागले. तेव्हा १८ लाख सह्यांत नवे काही असेल तर ते सहीची सोय.

मला मात्र या सगळ्यापेक्षा जवळचे उदाहरण आठवत होते. ते लखनौचे आहे.

उर्दूच्या विद्यार्थ्याला 'दास्तान-ए-अमीर हमजा' माहीत असते. वाचलेली असतेच असे नाही, कारण मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने ती छापली तेव्हा तिचे ४६ खंड झाले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. तिलिस्म म्हणजे जादूगारांनी उभारलेली आख्खी मायानगरी. होशरुबाचा बादशहा अफरासियाब, त्याच्या जादूगारणी, आणि त्यांना टोप्या घालणारा अमर अय्यार. ड्रॅगन, मेलेल्यांची फौज, रूप बदलणारे मारेकरी, आज जे जे इंग्रजीत पाहून पोरे थक्क होतात त्यातले बरेचसे १८८० च्या दशकात लखनौत उर्दूत छापून विकले जात होते. (हे सांगितले की भाचा "मामू, फिर शुरू हो गए" म्हणतो. असो.)

आता गंमत पाहा. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले. मग त्यांचे आणि छापखान्याचे नाते तुटले आणि उरलेली दास्तान अहमद हुसेन कमर यांनी पूर्ण केली. म्हणजे कथा अर्ध्यावर, वाचक वाट पाहताहेत आणि सांगणारा बदलला. कमर यांनी आपल्या खंडांतून जाहना टोमणेही मारले आहेत. जाह मोठे की कमर, जाहनी शेवट कसा केला असता, यावर उर्दूवाले आजही वाद घालतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'चेही हेच झाले. मार्टिन यांचा पाचवा ग्रंथ २०११ मध्ये आला, मालिका सुरू झाली त्याच वर्षी. सहावा आजतागायत आलेला नाही. मालिका पुस्तकांच्या पुढे धावू लागली. शेवट काय होणार हे मार्टिन यांनी निर्मात्यांना ढोबळ सांगून ठेवले होते, पण ढोबळ सांगणे वेगळे आणि हजार पाने लिहून तिथवर वाचकाला चालवत नेणे वेगळे.

तिलिस्मची आणखी एक गोष्ट या वादात फार उपयोगी आहे. तिलिस्मचा शेवट ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतो. तिलिस्म बांधणाऱ्यांनीच तो कोण फोडणार हे ठरवून ठेवलेले असते. होशरुबा फोडणार हमजांचा नातू असद. 'लौह' नावाची एक पाटी असते, ती हाती लागली की पुढचे पाऊल कोणते ते त्याला कळत जाते. कोण जिंकणार हा प्रश्नच नाही. तरी लोक रात्र रात्र बसत. खंड मागून खंड विकत घेत. ते कशासाठी? 'कसे' यासाठी. जुने दास्तानगो 'दास्तान रोकने'ची कला मोठी मानत. प्रियकर प्रेयसीच्या दारापर्यंत आला आहे, मध्ये फक्त एक पडदा आहे, आणि दास्तानगो तो पडदा अनेक रात्री उचलूच देत नाही, अशा आख्यायिका आहेत. ऐकणारे चिडत, पण उठत नसत.

शम्सुर्रहमान फारुकींनी दास्तानवर आयुष्यातली कित्येक वर्षे घालवली आणि दास्तानला कादंबरीच्या तराजूत तोलू नका, असे ते बजावत राहिले. ते बरोबरच आहे. तरी एवढे म्हणायला हरकत नसावी की भाकीत हे दास्तानमध्ये वचन असते. पाटीवर असदचे नाव असेल तर असदलाच जावे लागते. 'गेम ऑफ थ्रोन्स'ने आठ वर्षे असलीच एक पाटी लोकांपुढे धरली होती. जॉन हा अनौरस नाही, तोच खरा वारस आहे, काळोखाशी लढायला जन्मणाऱ्या राजपुत्राचे भाकीत आहे, असे सगळे. शेवटी काळोखाच्या राजाला मारले ते आर्याने, एका उडीत. आणि जॉनच्या जन्माचे रहस्य कळून एवढेच झाले की डेनेरिसला त्याची धास्ती बसली. भाच्याचा पहिला राग हा होता. मला तो रास्त वाटला. भाकीत खोटे ठरवायलाही माझी हरकत नाही. पण ते खोटे ठरले याचे कथेतल्या कुणालातरी काहीतरी वाटायला हवे होते. कुणाला काहीच वाटले नाही.

ब्रॅन राजा होण्याबद्दल भाचीने चांगला मुद्दा काढला. तिला बी.ए.ला इतिहास होता. मार्टिन यांनी या कथेची बीजे इंग्लंडच्या गुलाबांच्या युद्धांतून घेतली, हे जगजाहीर आहे. १४५५ ते १४८५ अशी तीस वर्षे यॉर्क आणि लँकेस्टर ही घराणी एकमेकांना कापत होती. "और आखिर में बना कौन? हेन्री ट्यूडर. उसका तो किसी ने नाम भी नहीं लिया था." खरे आहे. ज्याचा हक्क दूरचा आणि ओढूनताणून आणलेला, जो १४ वर्षे परदेशात पडून होता, तो १४८५ मध्ये बॉसवर्थला लढाई जिंकून राजा झाला. इतिहास अनपेक्षित माणसाला गादीवर बसवतो, मग मालिकेने बसवले तर काय बिघडले?

बिघडले ते असे. हेन्रीला फौज उभी करावी लागली, फ्रान्सकडून मदत मिळवावी लागली, लढाईच्या दिवशी आयत्या वेळी फिरलेल्या स्टॅनलीने त्याला वाचवले, आणि मग यॉर्क घराण्याच्या मुलीशी लग्न करून त्याने दोन घराणी जोडली. ब्रॅनसाठी टिरियनने एक भाषण केले. सात राज्यांचे सरदार, ज्यांनी आठ पर्वे एकमेकांचे गळे कापले, ते एका भाषणावर माना डोलवून मोकळे झाले. अनपेक्षित असण्याला माझा आक्षेप नाही. इतक्या स्वस्तात मिळाल्याला आहे.

त्याच बैठकीत एक छोटा प्रसंग आहे, तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. सॅमवेल नावाचा पुस्तकी, भाबडा सरदार उठून म्हणतो की राजा आपण मूठभर का निवडायचा, सगळ्या लोकांनी निवडावा. सगळे खो खो हसतात. मग कुत्र्यालाही मत द्या, घोड्यालाही विचारतो, असे म्हणतात. भाच्याने पहिल्यांदा मतदान केले होते. त्याच्या नखावरची शाई खाली उरली होती आणि यंत्रे सीलबंद पडून होती. मोजणी तीन दिवसांवर. तो हसला नाही. मीही नाही.

पण खरे भांडण पेटले ते शहर जाळण्यावरून.

भाचा म्हणत होता, हे शक्यच नाही. जिने गुलाम सोडवले ती लहान मुले कशी जाळेल? भाची म्हणत होती, तुम्ही डोळे झाकून बघत होता. तिने यादीच काढली. मिरीनमध्ये डेनेरिसने १६३ मालकांना खांबांवर खिळे ठोकून मारले. दोथ्राकी सरदारांना मंदिरात कोंडून जाळले. शरण न आलेल्या बाप-लेकाला ड्रॅगनकरवी राख केले. "तब तो तू ताली बजा रहा था," ती भावाला म्हणाली. "मरने वाले बुरे थे इसलिए." हा मुद्दा बिनतोड आहे. मला वाटते मालिकेच्या बाजूने कुणीही केलेला याहून चांगला युक्तिवाद मी वाचलेला नाही. मुक्तिदाता जुलमी होतो हे जगात नवे नाही, आणि त्याच्या पहिल्या जुलमांना टाळ्या वाजवणारे आपणच असतो.

मी मध्ये पडलो ते इथे. कारण मला दिल्ली आठवली.

१७३९ ची दिल्ली. कर्नालला फेब्रुवारीत लढाई झाली, मुहम्मद शाह हरला, शरण गेला. मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला. शहर लढलेले नव्हते. खुतबा त्याच्या नावाने वाचला गेला. म्हणजे घंटा वाजून झाल्या होत्या. तरी २२ मार्चला सकाळी तो चांदणी चौकातल्या सुनहरी मशिदीत जाऊन बसला, कत्लेआमचा हुकूम दिला, आणि दुपारपर्यंत त्याचे सैनिक घरे फोडून माणसे मारत होते. वीस-तीस हजार माणसे गेली, असा अंदाज दिला जातो. मारणारे मुसलमान, मरणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही. (त्याच वर्षी मे महिन्यात इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आपल्या पाठ्यपुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या धड्यांत येतात, त्यामुळे मुलांना त्या एका वर्षातल्या वाटतच नाहीत.)

शरण आलेले शहर का मारले? डेनेरिसबद्दलचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे. पण दिल्लीबाबत उत्तर देता येते. शहरात फौज उतरली, धान्याचा भाव काय घ्यायचा यावरून पहाडगंजच्या बाजूला इराणी शिपायांचे आणि धान्यवाल्यांचे वाजले. अफवा उठली की नादिर किल्ल्यात मारला गेला. लोक गल्लीबोळांतून बाहेर पडले आणि रात्रभरात एकटेदुकटे सापडलेले इराणी शिपाई त्यांनी कापले. सकाळी नादिर घोड्यावर बसून पाहायला निघाला, तर त्याच्याच रोखाने गोळी सुटली. तो वाचला, जवळचा माणूस पडला. मग हुकूम. याने कत्तल माफ होत नाही, तिळभरही नाही. पण ती समजते. दिल्लीच्या शरणागतीत आणि दिल्लीच्या कत्तलीत एक रात्र आहे. किंग्ज लँडिंगच्या घंटा आणि आग यांच्यामध्ये डेनेरिसच्या चेहऱ्याचे काही सेकंद आहेत.

आणि नादिरची गोष्ट दिल्लीला संपत नाही. तो मेंढपाळांतून आलेला माणूस. अफगाणांनी इराणची राजधानी इस्फहान घेतली होती, ती त्याने १७२९ मध्ये सोडवली. तेव्हा तो तिथल्या लोकांचा मुक्तिदाताच होता. १७३६ मध्ये तख्तावर बसला. दिल्लीची लूट हाती आल्यावर त्याने इराणच्या रयतेला तीन वर्षांचा कर माफ केला; दिल्लीत ज्याला शिव्याशाप मिळत होते त्याला इराणात दुवा मिळत होत्या. १७४१ मध्ये माझंदरानच्या जंगलात त्याच्यावर गोळी झाडली गेली. संशय थोरल्या मुलावर, रजा कुलीवर गेला. पुढच्या वर्षी त्याने मुलाचे डोळे काढवले, आणि मग पश्चात्तापाने तो आणखी बिघडला. तुर्कांशी नवे युद्ध, त्यासाठी पिळून काढलेले कर, बंडे, बंडखोरांच्या मुंडक्यांचे मनोरे. १७४७ मध्ये त्याच्याच सरदारांनी तंबूत शिरून त्याचा गळा कापला. दिल्लीहून नेलेले मयूरासन त्यानंतरच्या गोंधळात मोडले, लुटले गेले. मुक्तिदाता जुलमी झाला, आपल्याच माणसांच्या हातून मेला आणि तख्त नाहीसे झाले. मार्टिन यांच्या कथेचा शेवट जणू इथे घडून गेला आहे. फरक हा की नादिरच्या बाबतीत इस्फहान आणि तो तंबू यांच्यात १८ वर्षे आहेत आणि प्रत्येक वर्षाला काही ना काही झालेले आहे.

मराठीत दोन क्रियापदे आहेत, आवडणे आणि पटणे. शेवट आवडला नाही म्हणून रडणारे वेगळे, शेवट पटला नाही म्हणून भांडणारे वेगळे. टेटच्या 'लिअर'चे प्रेक्षक पहिल्या जातीचे. याचिकेवर सह्या करणाऱ्यांत दोन्ही होते, पण माझा भाचा दुसऱ्या जातीचा. तो म्हणाला, "मामू, वो जलाती तो भी चलता. पर मेरे सामने जलाने वाली बनती तो."

मालिकेच्या पहिल्या सहा पर्वांत दहा-दहा भाग. सातव्यात सात, आठव्यात सहा. एकूण ७३. एचबीओची तयारी आणखी भाग काढण्याची होती. निर्मात्यांनाच आटोपायचे होते. पहिल्या पर्वात राजा एका गावाहून राजधानीला जायला निघाला की दोन भाग वाटेतच जात. शेवटच्या पर्वात फौजा आणि गलबते खंडभर अशी फिरतात की वाटावे एस.टी.ची थेट सेवा आहे.

इथवर ही कारागिरीची चूक म्हणून सोडून देता आली असती. मला जे खुपले ते पुढे आहे. वेळ कमी पडला तेव्हा मालिकेने कारणाच्या जागी काय ठेवले? रक्त. डेनेरिसचा बाप वेडा राजा होता. त्या घराण्यात मूल जन्मले की ते थोर निघेल की वेडे, ही नाणेफेक असते, असे मालिकेतली माणसे पुन्हा पुन्हा म्हणतात. तिचे सल्लागार कुजबुजतात, बापावर गेली. आणि शेवटी ती शहर जाळते तेव्हा प्रेक्षकालाही तेच म्हणावे लागते, कारण दुसरे म्हणण्याजोगे फार थोडे हातात दिलेले असते. बापाचीच मुलगी.

हे वाक्य मी ओळखतो. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला जाताना रेल्वेत समोर बसलेले सद्गृहस्थ वर्तमानपत्रातली कसलीशी मारामारीची बातमी वाचून मला म्हणाले होते, "रागावू नका सर, पण तुमच्या लोकांत ते रक्तातच असतं." माणूस वाईट नव्हता. त्यानंतर त्याने मला आपल्या डब्यातली शेंगाचटणी आणि भाकरी दिली, आणि मी ती खाल्ली. पण त्याने ती बातमी एका वाक्यात संपवली होती. कुणी कुणाला मारले, कशावरून, आदल्या दिवशी काय झाले होते, यातले काही त्याला आता विचारावे लागणार नव्हते.

आणि हे फक्त त्यांचेच नाही. इतिहासाच्या बदली तासाला मीही "नादिरशहा क्रूर होता" असे म्हणून पुढच्या मुद्द्याकडे गेलेलो आहे. एका मुलीने विचारले होते, "सर, म्हणून त्याने मारले की मारले म्हणून क्रूर?" मी घड्याळ बघितले. पाच मिनिटे उरली होती. धडा संपवायचा होता. त्या दिवशी मी जे केले तेच बेनिऑफ आणि वाइस यांनी केले, त्यांचे बजेट मोठे होते इतकेच.

भाचीला मात्र मी पुरता हरवू शकलो नाही, आणि तिला हरवले ते अम्मीने. अम्मी दुपारभर तस्बीह ओढत आमचे ऐकत होती. इफ्तारला अर्धा तास असताना, भज्यांचे पीठ कालवता कालवता तिने विचारले, "उस लड़की का अपना कोई बचा था क्या?"

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. मग भाची आठवून आठवून सांगू लागली. तिच्यासाठी जन्म वाहिलेला म्हातारा सरदार तिसऱ्या भागात मेला. तिचा दुसरा ड्रॅगन चौथ्या भागात मारला गेला. पहिला आधीच्या पर्वात गेला होता. तिची एकुलती एक मैत्रीण, मिसांडेई, तिचे डोके तिच्या डोळ्यांदेखत शत्रूने तटावरून खाली पाडले. सल्लागाराने विष घालायचा प्रयत्न केला. ज्याच्यावर जीव होता तो जॉन, नाते कळल्यावर तिला जवळ येऊ देईना.

"ये सब कितने दिन में?"

भाच्याने हिशेब केला. तीन भाग.

"हाय अल्ला," अम्मी म्हणाली. "और तुम लोग बोलते, बाप पागल था इसलिए?"

म्हणजे कारणे होती. सगळी होती. दिल्लीची रात्र मालिकेतही होती, फक्त तिच्याजवळ थांबायला कुणाला सवड नव्हती. मिसांडेई मेल्यावर डेनेरिस बंद खोलीत बसून आहे, जेवत नाही, असे दुसराच कुणी येता-जाता सांगतो आणि दृश्य पुढे जाते. त्या बंद खोलीत दोन भाग बसता आले असते. जुना दास्तानगो असता तर त्याने तिथेच दास्तान रोखली असती. पडदा खाली सोडून आठ रात्री आपल्याला त्या खोलीबाहेर बसवले असते.

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तो नानी, आपको बराबर लगता क्या, उसने जलाया?"

"बराबर कैसा?" अम्मीने कढई चुलीवर ठेवली. "बच्चे थे ना वहाँ."

मगरिबची अजान झाली. खजूर तोंडात टाकल्यावर भाच्याने मला विचारले की मार्टिन यांचे सहावे पुस्तक कधी येईल, त्यात तरी हे सगळे नीट असेल का. मी त्याला सांगितले की जाहच्या वाचकांनीही हेच विचारले असणार. "मामू, फिर शुरू हो गए," तो म्हणाला आणि भज्यांकडे वळला.